स्वेच्छेने

नायगाव, बी. डी. डी. चाळ
१२ डिसेंबर १९५८

मृणालिनीबाई यांस,
सुभद्रा गमरे हिचा जय भीम.

अक्षर ओळखलं असेलच. चौदा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि काम पडलं नसतं तर आजही लिहिली नसती. म्हणून खुशाली विचारत नाही, माझीही कळवत नाही. सरळ कामाचं लिहिते.

गेल्या महिन्यात मी परळच्या प्रसूतिगृहातून निवृत्त झाले. मंडळाने समारंभ केला. सेक्रेटरी अप्पासाहेब जातीने आले. ‘परळ-लालबागची निम्मी पोरं सुभद्राबाईंच्या हातांवर जन्माला आली’ असं म्हणाले. टाळ्या झाल्या, शाल-नारळ मिळाला. आठवडा झाला नाही तोच मंडळाचं पत्र आलं. त्यातलं एकच वाक्य उतरवते:

‘आपण सन १९४४ मध्ये शिक्षकी पेशा स्वेच्छेने सोडून शुश्रूषेच्या पेशात प्रवेश केला असल्याने आपली त्यापूर्वीची सेवा हिशेबात धरता येत नाही.’

नियम तुम्हाला ठाऊक आहे. एकाच पेशात सलग वीस वर्षं भरली तर ग्रॅच्युइटी आणि फंडातला मंडळाचा वाटा पुरा मिळतो. नाही भरली तर ग्रॅच्युइटी नाही, आणि वाट्यातला चौथा हिस्सा हातावर टेकवतात. मी गिरगावच्या शाळेत तेरा वर्षं शिकवलं आणि परळला चौदा वर्षं बाळंतपणं केली. शाळा मंडळाची, प्रसूतिगृहही मंडळाचंच. पगाराच्या पाकिटावर शिक्का एक. तरी हे म्हणतात, ती तेरा बाद. म्हणजे शाळेतली सुभद्रा मेली आणि परळला तिच्याच नावाची दुसरी कुणी बाई कामाला लागली, असंच ना?

पैसे गेले याचा राग आहेच, खोटं कशाला बोलू? भाऊ गेल्यापासून वहिनी लक्ष्मी, पुतण्या जगदीश आणि मी एका खोलीत राहतो. जगदीशची गिरणी महिन्यातले आठ दिवस बंदच असते. पण त्याहून जास्त राग मला त्या ‘स्वेच्छेने’चा आहे. मी कचेरीत जाऊन अप्पासाहेबांना विचारलं, “हे कुणी लिहिलं?” म्हणाले, “बाई, नियमाची भाषा आहे. तुम्हाला पाठवलं असं म्हणता, पण ते कुणी ऐकलंय का?”

ऐकलं होतं. त्या खोलीत आपण तिघं होतो. अप्पासाहेबांना काहीच आठवत नाही. उरलात तुम्ही. तुम्ही जे ऐकलंत तेवढंच लिहून द्या, एक अक्षर जास्त नको.

सुभद्रा गमरे


नायगाव
९ जानेवारी १९५९

मृणालिनी,

आता तुम्ही-बिम्ही पुरे झालं. तुम्ही म्हणायला माणसाचा मान वाटावा लागतो.

तुझं चार ओळींचं कार्ड पोचलं. ‘त्या दिवशी काय बोलणे झाले ते नीटसे आठवत नाही. प्रकृतीस जपावे.’ आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमन दारात मनीऑर्डर घेऊन उभा! कुणाला पाठवलेस गं पैसे? भिकारणीला? मी सही केली नाही. पोस्टमन म्हणाला, “बाई, घरी आलेली लक्ष्मी परत करता?” म्हटलं, “आमच्या घरी एक लक्ष्मी आहे, ती पुरे.” वहिनी आतून हसली. मला हसू आलं नाही.

तुला आठवत नाही, तर मी आठवण करून देते.

जून चव्वेचाळीस. शाळा उघडून पहिलाच आठवडा. कर्वेबाई निवृत्त झाल्या होत्या आणि प्राथमिक विभागाची मुख्याध्यापिका नेमायची होती. ज्येष्ठतेने ती जागा माझी. तू माझ्यामागून दोन वर्षांनी लागलेलीस. अप्पासाहेबांनी दोघींना ऑफिसात बोलावलं. त्यांच्यापुढे एक अर्ज होता, काही पालकांच्या सह्यांचा. वाचून दाखवला नाही, नुसता हाताखाली धरून बसले. म्हणाले, “सुभद्राबाई, मंडळ पुरोगामी आहे, म्हणून तर तुम्हाला घेतलं. वर्गावर कुणी हरकत घेतली नाही. पण मुख्याध्यापिका म्हणजे शाळेचा चेहरा. पालक मुली काढून नेतील.” मग म्हणाले, “गोदीचा स्फोट झाल्यापासून परळच्या प्रसूतिगृहात कामाला बायका मिळत नाहीत. तुमच्यासारखी शिकलेली बाई तिकडे जाऊन सुईणकाम शिकली तर सोनं होईल. मंडळ एकच आहे. खुर्ची बदलेल, नोकरी तीच. तुमचं एक वर्षही वाया जाणार नाही, हा माझा शब्द.”

मी विचारलं, “आणि नाही म्हटलं तर?”

“मग या वर्षी तुम्हाला वर्ग देता येणार नाही.”

ही माझी स्वेच्छा.

मी तुझ्याकडे पाहिलं. तू एकदा जरी म्हणाली असतीस की हे बरोबर नाही, तरी मला पुरलं असतं. तू टेबलावरचा कागददाब फिरवत होतीस. सोमवारी कर्वेबाईंच्या खुर्चीत तू बसलीस.

आणि गंमत बघ. ज्यांना त्यांच्या मुलींच्या शाळेत मी मोठ्या खुर्चीत नको होते, त्यांच्याच घरच्या बायका परळला माझ्याकडे आल्या. बाळ अडलं की माझे हात त्यांना चालत होते. नाळ कापायला चालले, पहिली आंघोळ घालायला चालले. पुढे त्या मुलीला शिकवणारी शाळा चालवायला तेवढे चालले नसते. ही वाटणी कुणी केली? मी केली का, स्वेच्छेने?

कार्डाचं उत्तर देऊ नकोस. खरं लिहायचं असेल तरच लिही.

सुभद्रा


नायगाव
२२ मार्च १९५९

मृणालिनी,

तुझं उत्तर नाही. नसो. पण काल जे झालं ते तुझ्या कानावर वेडंवाकडं जाईल, म्हणून मीच सांगते.

कामगार मैदानावर संयुक्त महाराष्ट्राच्या समितीची सभा होती. जगदीश समितीचं काम करतो. छप्पन साली आर्थर रोडच्या तुरुंगात राहून आलाय, पाठीवर लाठीचे वळ अजून दिसतात. तो म्हणाला, “आत्या, चल, आज बडे वक्ते हायत.” गेले. बायकांच्या बाजूला पुढेच बसले. आणि व्यासपीठावर कोण? आपले अप्पासाहेब! बोलले मात्र छान. मराठी माणसाचे तुकडे केले, आमच्या कष्टावर मुंबई उभी राहिली आणि आम्हालाच वेगळं काढतात, दिलेला शब्द दिल्लीवाले पाळत नाहीत, असं सगळं. सभा डोलत होती.

शब्द पाळत नाहीत! हे त्या माणसाच्या तोंडून! माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले आणि ओरडून विचारलं, “अप्पासाहेब, मला दिलेल्या शब्दाचं काय? माझ्या नोकरीचे तुकडे कुणी केले?”

आजूबाजूच्या बायका माझा पदर ओढायला लागल्या. अप्पासाहेब माइकवरून म्हणाले, “ताई, व्यक्तिगत तक्रारीची ही जागा नव्हे.” लोक हसले. त्यात जगदीश धावत आला. मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. बाहेर रस्त्यावर आमचं भांडण झालं.

“आत्या, काय लावलंयस? शत्रूच्या हातात कोलीत देतेस तू! आधी राज्य मिळू दे, मग तुझं बघू.”

मी म्हटलं, “आधी स्वराज्य मिळू दे, असं तुझा बाप मला सांगायचा. ते मिळून अकरा वर्षं झाली. आता तू हे सांगतोस. माझी पाळी कधी येणार रे?”

तो मान खाली घालून माझ्याबरोबर चालत घरापर्यंत आला, सभा अर्धी सोडून. रात्री जेवला नाही. सकाळी मात्र आपणहून समितीच्या कचेरीत गेला आणि तिथल्या चौघांना घेऊन अप्पासाहेबांच्या घरी. काय बोलणं झालं ते मला सांगत नाही. आज निरोप आला: मंडळाची कार्यकारिणी माझं म्हणणं ऐकून घेईल. तारीख मागाहून कळवतील.

माझं म्हणणं मी मांडीन. पण माझ्या शब्दाची किंमत त्या खोलीत किती, हे तुला आणि मला चांगलं ठाऊक आहे.

सुभद्रा


नायगाव
१५ जून १९५९

मृणालिनी,

तू आलीस आणि मी घरी नव्हते. घोडपदेवला एका पोरीचं पहिलं बाळंतपण होतं. निवृत्त झाले तरी लोक बोलावतात, आणि आता तेवढाच आधार आहे. परत आले तर लक्ष्मी म्हणाली, “तुमची ती शाळेतली मैत्रीण आली होती. किती वाळलीय ओ! मी म्हटलं बसा, तर उंबऱ्यातच उभी. मग बसली. चहा घेतला. रडली.”

मी म्हटलं, “काय म्हणाली ते सांग. रडण्याचं नको सांगू.”

तिने सगळं सांगितलं. तुझ्या भावाला अर्धांगवायू झालाय, तोंडात घास तू भरवतेस. पुढच्या जूनमध्ये तू निवृत्त होणार. अजून दोन वर्षांची मुदतवाढ मागितली आहेस, आणि ती द्यायची की नाही ते हीच कार्यकारिणी ठरवणार. आणि जाताना दारात म्हणालीस, “तुमच्या नणंदेला सांगा, मला सगळं आठवतं. शब्दन् शब्द.”

हे तू लक्ष्मीला सांगितलंस. मला नाही लिहिलंस.

मृणालिनी, तुझ्या भावाचं ऐकून वाईट वाटलं. तो शाळेत तुला न्यायला यायचा, तेव्हा मला ‘बाई’ म्हणून वाकून नमस्कार करायचा, इतर कुणी करत नसताना. पाठीला जखमा होऊ द्यायच्या नसतील तर दर दोन तासांनी कूस बदल आणि चादरीला सुरकुती राहू देऊ नकोस. राख चाळून कापडी पिशवीत भर आणि टाचांखाली ठेव.

पण तुला भीती वाटते म्हणून मी माझा राग गिळू का? मलाही भीती वाटली होती त्या खोलीत. तुझ्याकडे जायला घर होतं, माझ्याकडे तेव्हा गावी बिछान्याला खिळलेली आई होती आणि मुंबईत भाड्याची अर्धी खोली. भीती काय फक्त गिरगावात राहते?

सुनावणी अठ्ठावीस ऑगस्टला आहे, शाळेच्याच सभागृहात, दुपारी. मी तुला बोलावत नाही. यायचं तर स्वेच्छेने ये.

सुभद्रा


नायगाव
३ सप्टेंबर १९५९

मृणालिनी,

त्या दिवशी जिन्यात तू हाक मारलीस आणि मी थांबले नाही. त्याचं कारण तुला कळायला हवं.

मंडळाच्या इतिवृत्तात तुझं बोलणं दोन ओळींत गुंडाळतील, म्हणून आधी मीच लिहून ठेवते. माझं सांगून झालं होतं. सातजण समोर बसले होते, दोघं घड्याळ बघत होते. अप्पासाहेब म्हणाले, “बाईंच्या भावना आम्ही समजू शकतो, परंतु पुरावा नाही.” तेवढ्यात तू आत आलीस.

“मुख्याध्यापिकाबाई, आपल्याला बोलावलेलं नाही.”

“ठाऊक आहे,” तू म्हणालीस. “तरी बोलते.”

आणि बोललीस. अर्ज, पालक, शाळेचा चेहरा, परळ, ‘एक वर्षही वाया जाणार नाही’. एकही शब्द इकडचा तिकडे केला नाहीस. ‘मग वर्ग देता येणार नाही’ हेसुद्धा तसंच, त्यांच्याच सुरात.  मग त्या पागोटेवाल्या सभासदांनी विचारलं, “हे जर खरं, तर आपण पंधरा वर्षं गप्प का?”

तू म्हणालीस, “ती जागा मला हवी होती. हिला काढल्याशिवाय मिळणार नव्हती. मिळाली, मी घेतली.”

अप्पासाहेब कागद चाळत राहिले.

मला वाटलं होतं, तू बोललीस की माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल. कित्येकदा मनातल्या मनात मी तुला त्या खोलीत बोलायला लावलं होतं. आणि तू खरंच बोललीस तेव्हा माझ्या अंगाचा भडका उडाला. इतकं सोपं होतं? चार वाक्यं? चव्वेचाळीस साली ही चार वाक्यं बोलली असतीस तर मी आज फळ्यापाशी म्हातारी झाले असते. मला शिकवायला आवडायचं गं. बाळंतपणं मी चोख केली, एकाही बाईला वाऱ्यावर सोडलं नाही. पण पहिलीतली पोर जेव्हा अक्षरं जोडून पहिल्यांदा आपलं नाव वाचते, तेव्हा तिचं तोंड कसं होतं ते पुन्हा मला बघायला मिळालं नाही. ते कुठल्या फंडात जमा आहे?

म्हणून मी जिन्यात थांबले नाही. थांबले असते तर तुझ्या थोबाडीत मारली असती, नाहीतर गळ्यात पडले असते. दोन्ही मला नको होतं.

सुभद्रा


नायगाव
४ मे १९६०

मृणालिनी,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तर द्यायला उशीर झाला कारण निकालाची वाट पाहत होते. आता लागला.

डिसेंबरात त्यांनी मला काय देऊ केलं ते तुला ठाऊक आहे: ‘सहानुभूतिपूर्वक मदत’, निम्मी रक्कम, आणि पावतीवर लिहून द्यायचं की माझी कसलीही तक्रार उरलेली नाही. मी पावती तशीच परत दिली. घरात आठ दिवस रणकंदन. लक्ष्मी म्हणाली, “शब्दाने चूल पेटत नाही ओ वन्सं.” तिचं काही चुकत नव्हतं. तरी माझ्याने सही होईना. नवल म्हणजे जगदीशच मध्ये पडला. म्हणाला, “आये, तिला नको लावू सही करायला. मी रात्रपाळी करीन.”

मग मंडळाच्या वसतिगृहाची चंपा पुढे आली. तीही मूळची शाळेतलीच, सेहेचाळीस साली तिला वसतिगृहावर धाडलं. तुझी साक्ष ऐकून तिला धीर आला. तिने अर्ज दिला, तिच्यामागून मंडळाच्या छापखान्यावर धाडलेल्या दोघींनी दिला. आता चौघींना खोटं कसं पाडणार? तेव्हा मंडळाने नियमच बदलला. ‘महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या शुभदिनापासून’ मंडळाच्या कुठल्याही विभागातली सेवा सलग धरली जाईल. आणि खाली एक ओळ: ‘तत्पूर्वी निवृत्त झालेल्यांस हा नियम लागू नाही.’

तत्पूर्वी निवृत्त झालेली चौघींत एकच आहे. ती मी.

चंपा काल पेढे घेऊन आली. माझ्यासमोर उभी राहून रडायलाच लागली. मी पेढा खाल्ला, तिलाही भरवला. तिचा काय दोष? तिच्या नोकरीचे सांधे जुळले, छापखान्यातल्या दोघींचे जुळले, याचा मला आनंद आहे आणि तो खरा आहे. पण राग त्याहून मोठा आहे. दरवाजा मी ठोठावला, यांनी उघडला, सगळ्यांना आत घेतलं आणि माझ्या तोंडावर लावला.

एक तारखेला मी रोषणाई बघायला गेले होते. जगदीश लेझीम खेळत होता, लक्ष्मी नवं लुगडं नेसली होती. मीही खूश होते, ते राज्य माझंही आहे. पण दिव्यांखालून चालताना सारखं मनात येत होतं, एवढे जिल्हे जोडले, तालुके जोडले, गावं जोडली, आणि एका बाईची तेरा आणि चौदा वर्षं जोडायला यांना कागद पुरेना?

तुझी मुदतवाढ नाकारली हे चंपाकडून कळलं. तू लिहिलं नाहीस. पत्रात तू फक्त विचारलंस, ‘आता तरी मला क्षमा केलीस ना?’

नाही केली. खोटं लिहिणार नाही. पुढे कधी करेन की नाही तेही सांगता येत नाही. पण चव्वेचाळीस साली तू घेतलंस ते फुकट घेतलंस, आणि गेल्या ऑगस्टात बोललीस त्याची मात्र पुरी किंमत मोजलीस, एवढं मी पाहिलं आहे.

मी कोर्टात जाते आहे. आमच्या चाळीत वाढलेला भिवा आता वकील झालाय, माझ्याच हातांवर त्याच्या धाकट्या भावंडांचा जन्म झाला. तो फी घेणार नाही म्हणतो, मी म्हटलं हप्त्याने घे. त्याला तुझी साक्ष लागेल, या वेळी न्यायाधीशापुढे, शपथेवर. अप्पासाहेबांचा वकील तुला आडवंतिडवं विचारील. तुझी त्या जागेची गोष्ट पुन्हा सगळ्यांदेखत काढील. हे ऐकून यायचं नसेल तर आत्ताच कळव.

यायचं असेल तर रविवारी ये, भिवाही येणार आहे. भावाजवळ दुपारपुरती चंपा थांबेल, मी तिला विचारलं आहे. जेवायलाच ये. लक्ष्मी सुक्या बोंबलाचं कालवण करते. तुला आवडतं हे मला ठाऊक आहे. मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातले बोंबील तू शिक्षिकांच्या खोलीचं दार आतून लावून खायचीस आणि मग हात साबणाने दोनदा धुवायचीस. आमच्या चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. येणारी-जाणारी माणसं थांबून काय जेवताय म्हणून विचारतात. तू पानावर बसशील तेव्हाही विचारतील.

सुभद्रा